चवथ झाली तरी परस फुललेला आहे, आता दिवाळीपर्यंत टिकवायचा तर एवढं करा

सध्या गोव्यात कुठल्याही परसात डोकावा, अबोली आहे, तेरडा आहे, जास्वंद, तगर, गोकर्ण, सोनटक्का सगळं फुललंय आणि सकाळी पारिजातकाखाली सडा पडलेला, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की आता झाडांना काही करायची गरज नाही. माझं म्हणणं उलट आहे. हा बहर पावसाच्या जिवावर चाललाय, आणि पाऊस ओसरला की थोड्याच दिवसांत बागेची रया जाते कारण ह्या दिवसांत मुळांकडे कोणी बघत नाही.

चार महिने माती सतत ओली राहिली की मुळं वरच्या थरातच पसरतात, त्यात घातलेलं खत पावसाने धुऊन गेलेलं, आणि मग ऑक्टोबरचं ऊन लागलं की आपली जांभी माती वरून चटकन कडक होते आणि झाड माना टाकतं. म्हणून दोन दिवस उघडीप मिळाली की खुरप्याने माती अगदी वरवर, इंच-दीड इंच मोकळी करा, खोल खणू नका, मुळं तुटतात. प्रत्येक झाडाला दोन-तीन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्या. वर सुका पाला नाहीतर नारळाची सोडणं पसरा, पण ते जोराचा पाऊस थांबल्यावरच, आणि बुंध्याला चिकटवून नको, नाहीतर बुंधा कुजतो.

पाण्याचं बघा, हस्ताचा पाऊस संध्याकाळी गडगडाट करून येतो आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाइप सोडू नका, आधी मातीत बोट घाला. आत ओल असून झाड मलूल असेल तर तहान नाही, मुळांना हवा मिळत नाहीये, तिथे पाणी निघून जायला वाट करून द्या. कुंड्यांखालच्या ताटल्या आत्ताच काढून टाका, त्यात पाणी साठतं आणि डेंग्यूचे डास होतात.

आता अबोली, कारण आपल्याकडे वळेसर, म्हणजे केसांत माळायचा गजरा, घरच्याच अबोलीचा असावा असं अजून पुष्कळ बायकांना वाटतं आणि मलाही वाटतं. अबोलीचा तुरा खालून वर फुलत जातो, फुलं संपली की तो हिरवट-तपकिरी होतो आणि आत बी धरतं. हे तुरे ठेवले तर झाडाची ताकद बियांत जाते, म्हणून दर आठवड्याला कापून टाका, बाजूने नवे तुरे येत राहतात. चार-पाच तुरे मात्र बियांसाठी राखा. सुकलेल्या तुऱ्यावर पाणी पडलं की बोंडं तडतड फुटतात आणि बी लांब उडतं, त्यामुळे झाडाच्या आसपास रोपं आपोआप उगवलेली दिसतील, ती उचलून नव्या जागेत लावा. नव्या जागेत हे महत्त्वाचं, कारण जुन्या वाफ्यात सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) आणि मर रोग असतो, एखादं झाड अचानक पिवळं पडून सुकलं तर मुळासकट उपटून बाहेर टाका, त्या खड्ड्यात परत अबोली नको.

शेवंतीचे शेंडे आता खुडू नका, ती वेळ गेली. रात्र मोठी होऊ लागली की शेवंती कळी धरते, त्यामुळे जिथे रात्रभर बल्ब जळतो त्या बाल्कावापाशी (घरापुढच्या पडवीपाशी) कुंडी असेल तर कळ्या फार उशिरा येतात, कुंडी मागच्या अंधारात हलवा किंवा बल्ब बंद करा. खालची काळे ठिपके पडलेली पानं खुडून टाका आणि पाणी बुंध्याशीच घाला, पानांवर नको.

झेंडू, म्हणजे आपली रोजां, दसऱ्यासाठी आता लावून उपयोग नाही. दिवाळीला मात्र मिळेल, फक्त बी पेरत बसू नका, तयार रोपं आणा, किंवा शेजाऱ्यांकडची न फुललेली फांदी ओल्या रेतीत सावलीत खोचून ठेवा, झेंडूची फांदी मुळं सहज धरते. मोठ्या फुलात पाणी भरून ते कुजतं, तेव्हा काठीला बांधा आणि कुजलेलं फूल झाडावर ठेवू नका.

जास्वंदीच्या शेंड्याला पांढरा कापूस दिसला की तो पिठ्या ढेकूण. मुंग्याच त्याला इकडून तिकडे नेतात म्हणून मुंग्यांची वाट आधी तोडा, मग पाण्याच्या जोरदार धारेने शेंडे धुवा, आणि एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने परत. पूजेची फुलं आधी काढून घ्या.

तेरडा संपत आलाय, त्याची फुगलेली बोंडं फुटायच्या आत मुठीत धरून काढा, सावलीत सुकवून पुढच्या जूनसाठी कागदात बांधून ठेवा. सोनटक्क्याचा फुलून गेलेला दांडा जमिनीलगत कापा. आणि मोगऱ्याला सध्या कात्री लावू नका, त्याची छाटणी थंडीत, त्याआधी थोडे दिवस पाणी तोडून.