ताप उतरला, म्हणून लगेच शाळेत?
सकाळी औषध पाजून ताप उतरवायचा आणि मुलाला शाळेत धाडायचं, असं कृपया करू नका. औषधाचा अंमल चार-सहा तासांत ओसरतो, आणि मधल्या सुट्टीपर्यंत पोर पुन्हा फणफणतं. डोळे जड, डोकं बाकावर टेकलेलं. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर घरीच ठेवा. औषधाशिवाय पूर्ण 24 तास ताप आला नाही, की मग पाठवा. उलट्या-जुलाब असतील तर ते थांबल्यावरही 48 तास थांबलेलं बरं, कारण संसर्ग तेव्हाही पसरू शकतो. नुसतं नाक वाहतंय, पण खाणंपिणं, खेळणं नेहमीसारखं आहे? खुशाल जाऊ द्या. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर मात्र तडक डॉक्टरांकडे न्या.