केस लावून (हेअर ट्रान्सप्लांट) घ्यायचेत? आधी रजेचं गणित बसवा

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत (धातूच्या ओतकामात) राबणाऱ्या माझ्यासारख्यानं निदान दहा दिवसांची रजा टाकावी, चौदा मिळाली तर उत्तम. खुर्चीवरच्या कामाला चार-पाच दिवसांतही परतता येतं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरू शकते, तेव्हा मीटिंग ठेवू नका. खपल्या साधारण 7 ते 10 दिवसांत पडतात. नखानं काढायच्या नाहीत, हात कितीही शिवशिवू देत.

खरी अडचण हेल्मेटची. काठ घासला की नवी मुळं निघायची भीती, म्हणून तेवढे दिवस गाडी घरी, टिळकवाडीहून रिक्षा धरा. भट्टीची धग, वाळूची धूळ, ओझं उचलणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत नकोच. सुपरवायझरकडे आधीच स्टोअरमधलं काम मागा. कारण सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा की! मी 'बारकं ऑपरेशन' एवढंच म्हणालो.

तारीख धरताना शिवजयंतीची मिरवणूक आणि गणपती टाळा, गुलाल जखमेवर नको. लग्नासाठी करत असाल तर वर्षभर आधी करा: लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक गळतात, नवे उगवायला तीन-चार महिने लागतात, आणि डोकं भरून दिसायला वर्षभर जातं.