धोकादायक, घातक की हानिकारक? सूचनाफलक लिहिताना कोणता शब्द कुठे

शिवारातल्या विहिरीवर, डीपीवर, पडक्या शाळेवर आणि तुटलेल्या कठड्यावर एकच शब्द रंगवलेला असतो, तो म्हणजे ‘धोकादायक’. दहा ठिकाणी तोच दिसला की अकराव्या ठिकाणी कोणी वाचत नाही. म्हणून शब्द निवडण्याआधी तीन गोष्टी ठरवा: इजा कशाने होणार, किती लवकर होणार आणि कोणाला होणार.

‘धोकादायक’ हा जागेचा आणि अवस्थेचा शब्द आहे. वळण, पूल, इमारत धोकादायक असते. अजून काही घडलेले नसते, घडू शकते. ‘हानिकारक’ हळूहळू होणाऱ्या नुकसानीसाठी वापरा. तंबाखू हानिकारक आहे, पण उघड्या वायरला हानिकारक म्हटले तर वाचणाऱ्याला वाटेल हात लावायला वेळ आहे. ‘अपायकारक’ त्याच घरातला, थोडा सौम्य, खाण्यापिण्याच्या गोष्टींना शोभणारा. ‘घातक’ म्हणजे जीव जाईल किंवा कायमचे नुकसान होईल असे. ‘प्राणघातक’ बातम्यांत हल्ल्याला लागतो आणि त्यात माणूस वाचलेलाही असतो. ‘जीवघेणा’ मात्र फलकावर टाळा. आपण मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हालाही जीवघेणे म्हणतो आणि महागाईलाही, त्यामुळे त्याची धार गेली आहे.

सर्वात जास्त घोळ फवारणीच्या बाबतीत होतो. कपाशीवर मारायच्या विषाला सगळे ‘औषध’ म्हणतात, ‘औषध मारायचंय’, ‘औषधाची बाटली आण’. बोलण्यात चालते, पण बाटलीवर, कोनाड्यावर किंवा खोलीच्या दारावर लिहिताना ‘औषध’ कधीही लिहू नका, ‘विष’ लिहा. दुकानातली ‘जालीम’ ही तर स्तुती असते. जालीम म्हणजे गुणकारी, लवकर लागू पडणारे. ते वाचून कोणी हातमोजे घालत नाही.

डब्याच्या लेबलवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग, वरच्या अर्ध्यात इशाऱ्याचा शब्द. लाल म्हणजे अत्यंत विषारी: कवटी, हाडे आणि ‘विष’. पिवळ्यावरही ‘विष’ असते, पण कवटी नसते. निळ्यावर ‘धोका’ आणि हिरव्यावर ‘सावधान’ या अर्थाचा शब्द. ही उतरंड पोटात गेलेल्या विषाच्या मात्रेवर ठरते. प्रयोगातल्या प्राण्यांपैकी निम्मे मरायला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत पुरत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्यापुढे हिरवा. मोनोक्रोटोफॉस लाल, मॅन्कोझेब हिरवे. म्हणजे इथे ‘धोका’ हा तिसऱ्या पायरीवरचा शब्द आहे. लाल डब्याच्या खोलीवर नुसते ‘धोका’ लिहिणे म्हणजे विष दोन पायऱ्या खाली उतरवणे. आणि हिरवा म्हणजे निर्धोक असेही नव्हे.

‘-प्रवण’ आणि ‘-ग्रस्त’ यांची अदलाबदल सर्रास होते. जिथे अपघात होण्याचा संभव जास्त ते वळण अपघातप्रवण. ज्या गाडीला अपघात झाला ती अपघातग्रस्त. कन्नड घाटात दरड कोसळण्याची भीती असलेला टप्पा दरडप्रवण, तर तापीच्या पाण्याने घर गेलेले कुटुंब पूरग्रस्त.

कापसाच्या जिनिंगच्या आवारात रुईच्या गाठींसाठी ‘ज्वलनशील’ पुरते. पेट्रोलसारखे क्षणात भडकणारे ते ज्वालाग्राही, धक्क्याने किंवा आगीने फुटणारे ते स्फोटक. कातडी जाळणारे ॲसिड ‘दाहक’. केळीच्या बागेत घुसणारी रानडुकरे उपद्रवी, घातक नव्हेत (पिसाळून अंगावर आली तर गोष्ट वेगळी).

शब्दाची जागाही सांभाळा. ‘धोकादायक विद्यार्थ्यांची शाळा’ लिहिले की धोका विद्यार्थ्यांना चिकटतो. ‘शाळेची इमारत धोकादायक’ लिहा. ‘जीवास धोका’ नाही, ‘जिवास धोका’. ‘हानी’ दीर्घ, पण ‘हानिकारक’ ऱ्हस्व.

विशेषण निवडले तरी काम अर्धेच झालेले असते. फलकाची पहिली ओळ काय करू नये ते सांगणारी हवी, कारण दुसऱ्या ओळीत. हातपंपावर ‘दूषित पाणी’ लिहिले तर लोक पाणी बघतात, स्वच्छ दिसले की पितात. ‘हे पाणी पिऊ नका’ लिहा. तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर काठच्या गावांसाठी ‘नदीपात्रात उतरू नका, पाणी अचानक वाढते’ एवढे पुरे. ‘सतर्कतेचा इशारा’ दवंडीत ठीक, घाटाच्या पायरीवर नको. साक्री-शिरपूरकडे अहिराणीत ‘आठे उतरू नका’ लिहिले तर लगेच भिडते, पण रावेर-यावलला लेवा बोली आहे, तिथे साधी मराठीच बरी. धडगाव-अक्कलकुव्यात पावरी, भिलोरी बोलणाऱ्यांसाठी शब्दांइतकीच मोठी कवटी काढा. ‘खबरदार’ नको. त्यात धमकी ऐकू येते आणि पोरे मुद्दाम जातात.

दहा-बारा मीटरवरून वाचायचे असेल तर अक्षर किमान १० सेंमी उंच हवे. मात्रा-वेलांट्यांना वर-खाली आणखी निम्मी जागा सोडा, नाहीतर ‘विष’चे ‘वष’ होते. फवारलेल्या शेताच्या बांधावर असे लिहा:

विष फवारले आहे.
आत येऊ नका. जनावरे सोडू नका.
फवारणी: ता. ____ तोडणी: ता. ____ नंतर

तोडणीची तारीख डब्यासोबतच्या पत्रकातल्या प्रतीक्षा कालावधीवरून (फवारणीनंतर तोडणीआधी थांबायचे दिवस) मोजा. दोन्ही तारखा रंगाने नाही, खडूने भरा आणि पाऊस पडून गेला की पुन्हा गिरवा.