भाडेकरूला जागा खाली करण्याची नोटीस : या चुका टाळा

भाडं थकलंय, न विचारता पोटभाडेकरू ठेवलाय, शेजारी वैतागलेत. कारण खरं असूनही महाराष्ट्रातले अनेक घरमालक कोर्टात हरतात, ते घाईघाईने काढलेल्या नोटिशीमुळे.

सगळ्यात महागात पडतं ते थकबाकीसाठी 'पंधरा दिवसांत घर खाली करा' असं लिहिणं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 15 प्रमाणे आधी थकलेल्या भाड्याची लेखी मागणी करावी लागते आणि ती भाडेकरूला मिळाल्यापासून 90 दिवस थांबावं लागतं. तोवर दावा लावता येत नाही. मागणीत कोणत्या महिन्यांचं किती भाडं ते स्पष्ट लिहा, रक्कम फुगवू नका. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूने थकबाकी 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली, पुढचं भाडंही भरत राहिला, तर त्या कारणावरून त्याला काढता येत नाही. घरमालकांना हे जाचक वाटतं. पण नोकरी गेलेल्या माणसाच्या डोक्यावरचं छप्पर याच मुदतीने वाचतं, आणि ते वाचायलाच हवं.

अटी मोडल्याचं कारण असेल तर कलम 16 पाहा. 'करारभंग केला' एवढं मोघम लिहून भागत नाही. काय केलं, कधी केलं, पुरावा काय, हे मांडा. लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम हे कारण चालतं. पण लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा किंवा एसी बसवणं कायदा त्यात धरत नाही.

लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायच्या परवान्याचं, गणित वेगळं. राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपली की कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो; मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाईही मागता येते. करार मात्र नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाचीच.

पाणी किंवा वीज तोडून दबाव आणू नका. कलम 29 त्याला मनाई करतं.

भाडेकरूंनो, नोटीस घ्यायला नकार देऊ नका. पत्ता बरोबर असेल तर नाकारलेली नोटीसही मिळाली असं कोर्ट धरू शकतं. ती घ्या, मिळाल्याची तारीख लिहून ठेवा आणि थकलेलं भाडं बँकेतून पाठवा, म्हणजे पुरावा हातात राहील.