मेम्फिसहून ऑक्सफर्ड : ऐनवेळी ठरलेली एक दिवसाची सहल

सकाळी चहा घेताना सहलीचा विचार मनात आला, तर अमेरिकेतील मेम्फिस परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मिसिसिपी राज्यातील ऑक्सफर्ड हे विद्यापीठाचे गाव आधी विचारात घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. आंतरराज्य महामार्ग ५५ ने दक्षिणेकडे बेट्सव्हिलपर्यंत जावे आणि तेथून महामार्ग ६ ने पूर्वेला वळावे. साधारण दीड तासात आपण पोहोचतो. नऊपर्यंत घर सोडले, तर दिवस पुरतो.

निघण्यापूर्वी एक गोष्ट मात्र पाहावीच, ती म्हणजे येथील मिसिसिपी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांचे वेळापत्रक. सप्टेंबर ते नोव्हेंबरमधील एका शनिवारी आम्ही ते न पाहता निघालो आणि तासभर गाडी लावायला जागा शोधत फिरलो, कारण सुमारे २५ हजार वस्तीच्या या गावातील स्टेडियममध्ये ६४ हजार माणसे बसतात आणि सामन्याच्या दिवशी ‘ग्रोव्ह’ नावाच्या झाडीत तंबूला तंबू लागलेला असतो. तो सोहळा पाहायचा असेल तर गोष्ट वेगळी. गाव पाहायचे असेल तर दुसरा दिवस निवडावा. सोमवारही टाळावा, कारण त्या दिवशी कादंबरीकार विल्यम फॉकनर यांचे घर बंद असते. रविवारी ते दुपारीच उघडते.

सुरुवात विद्यापीठाच्या संग्रहालयापासून करावी. तेथून बेलीज वूड्स या रानातून अर्ध्या-पाऊण मैलाची पायवाट ‘रोवन ओक’पर्यंत जाते. पावसानंतर ती निसरडी होते, म्हणून चपला घालून जाऊ नये. उन्हाळ्यात पाण्याची बाटली आणि डासांचे मलम जवळ ठेवावे. विल्यम फॉकनर यांनी १९३० साली विकत घेतलेले हे घर देवदारांच्या रांगेमागे उभे आहे. आत गेल्यावर घाई करू नये. त्यांच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ फेबल’ या कादंबरीचा आराखडा त्यांच्याच हाताने लिहिलेला आहे, वार घालून, एकेका दिवसाखाली काय घडते ते. दूरध्वनीजवळच्या भिंतीवरही क्रमांक तसेच खरडलेले दिसतात. नोबेल मिळालेल्या लेखकाचे लिहिणे आणि रोजचे जगणे एकाच घराच्या चुन्यावर उमटलेले पाहताना मी बराच वेळ तेथून हललो नाही.

त्यानंतर विद्यापीठाच्या आवारातील लायसियम ही १८४८ सालची इमारत गाठावी. तिच्यामागे, ग्रंथालयाच्या बाजूला, जेम्स मेरेडिथ यांचा ब्राँझचा पुतळा आहे. ३० सप्टेंबर १९६२ च्या रात्री त्यांच्या प्रवेशाला विरोध म्हणून या आवारात दंगल उसळली, एका फ्रेंच पत्रकारासह दोघांचा जीव गेला आणि केंद्राचे सैन्य बोलवावे लागले. दुसऱ्या दिवशी मेरेडिथ यांनी येथे पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला. २००६ साली बसवलेला हा पुतळा एका कमानीच्या दिशेने पाऊल टाकत आहे आणि कमानीवर ‘धैर्य’ या अर्थाचा शब्द कोरलेला आहे. मुले बरोबर असतील, तर हा प्रसंग त्यांना येथेच उभे राहून सांगावा. चकचकीत हिरवळीवर पुरेसे फोटो निघतात, पण हा थांबा वगळून परतल्यास गाव पाहिले असे मी म्हणणार नाही.

जेवणासाठी न्यायालयाभोवतीचा चौक, म्हणजे ‘स्क्वेअर’, गाठावा. मासे खाणाऱ्यांनी मक्याच्या पिठात तळलेला कॅटफिश मागवावा. शाकाहारी मंडळींनी तळलेली भेंडी, मक्याचा पाव आणि रताळे निर्धास्त न घेता आधी विचारून घ्यावे, आणि पालेभाजीबाबत तर नक्कीच विचारावे, कारण येथील कॉलर्डची भाजी बहुधा डुकराच्या मांसाचा तुकडा घालूनच शिजवतात. विचारल्याचा कोणी राग मानत नाही. उलट आस्थेने सांगतात.

याच चौकात ‘स्क्वेअर बुक्स’ हे १९७९ पासून चालत असलेले पुस्तकांचे दुकान आहे. माडीवर कॉफी मिळते आणि सज्जातून न्यायालयाचे घड्याळ समोर दिसते. दुपारचा उरलेला वेळ येथेच घालवावा. परतताना वेळ राहिल्यास सेंट पीटर्स स्मशानभूमीत फॉकनर यांची कबर पाहावी; वाचक तेथे व्हिस्कीच्या बाटल्या ठेवून जातात. अंधार पडण्यापूर्वी मात्र निघावे, कारण महामार्ग ६ वर संध्याकाळी हरणे अचानक आडवी येतात.