गुलाल धुतल्यावर पहिलं काय करायचं

मी दहा वर्षं सरपंच होतो. गाव पांझरेच्या काठी, मतदार अठराशे. नातवाने एकदा सिंगापूरच्या ली क्वान यू यांच्या उतारवयातल्या मुलाखती फोनवर लावून दिल्या आणि मधूनमधून मराठीत सांगत गेला. हे गृहस्थ 1959 ते 1990 पंतप्रधान. देश केवढा? आजही आपल्या जळगाव जिल्ह्याचा सोळावा हिस्सा. म्हटलं, हे तर आपल्याच जातकुळीतले, फक्त ग्रामपंचायत मोठी. त्यांचं काय उचलायचं आणि काय नाही, ते नव्या सरपंचांसाठी लिहितो.

हार सुकायच्या आत नमुना 9 ची वही मागवा, म्हणजे कर मागणीची. मी उघडली तर थकबाकीत वरच्या पाचांत माझे सख्खे मोठे भाऊ. घरपट्टी, पाणीपट्टी मिळून सहा वर्षांची. वसुली तिथूनच सुरू केली. दादांनी पैसे दिले, पण त्या हिवाळ्यात मळ्यातल्या भरिताचं बोलावणं आलं नाही. बाकी गावाने मात्र महिन्याभरात निम्मी बाकी भरली. ली यांच्या मंत्रिमंडळातले तेह चियांग वान लाचेच्या चौकशीत सापडले, 1986 साली. त्यांनी भेट मागितली. ली म्हणाले, चौकशी संपेपर्यंत भेटणार नाही. पुढे त्या मंत्र्याने जीव दिला. ऐकताना मला दादा आठवले आणि पोटात गोळा आला. तरी सांगतो, वसुली घरापासूनच.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट: चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) अशा दोन सह्या लागतात. कोऱ्या चेकवर सही करायची नाही. समोरचा कितीही गोड बोलला, तरी नाही.

आता पाणी. इथे घाई करू नका. सिंगापूर 9 ऑगस्ट 1965 ला मलेशियातून वेगळं झालं, तेव्हा प्यायचं बरंचसं पाणी मलेशियातल्या जोहोरमधून यायचं. 1962 चा करार तर 2061 पर्यंतचा आहे. ज्याच्याशी फारकत झाली त्याच्याच हातात तुमचा नळ! पाण्यापुढे बाकी सगळ्या धोरणांनी गुडघे टेकायचे, असं ली सांगायचे. मग त्यांनी तळी बांधली, आणि 2003 पासून तर सांडपाणी शुद्ध करून वापरात आणलं.

आपल्याला एवढं जमणार नाही, पण पाणी सोडायचं वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहा. सुरुवात शेवटच्या गल्लीपासून, सरपंचाची गल्ली सगळ्यांत शेवटी. नळाला मोटारी लावून ओढणारे प्रत्येक गावात असतात. मोटारी जप्त करत फिरलो, शिव्या खाल्ल्या. नंतर वायरमनशी बोलून त्या तासाभरापुरती लाइट बंद ठेवली. मोटारी मुक्या झाल्या आणि भांडण कोणाशीच नाही.

आणि हो, सिंगापूरच कशाला, आपली फड पद्धत बघा. पांझरेवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर पाटकरी, आणि जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले. शेतकऱ्याचा तुकडा वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी पडलं की एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटा एकट्याच्या गळ्यात पडत नाही. हे आपल्या आज्या-पणज्यांनी ठरवलं होतं. टँकरची पाळी लावताना मी हाच हिशेब धरला.

चूक कळली की फिरवा. ली यांच्या सरकारने 1972 मध्ये दोनच मुलं पुरे म्हणून मोहीम काढली आणि 1987 मध्ये ऐपत असेल तर तीन होऊ द्या म्हणून सांगितलं. मी सगळ्या गल्ल्यांत पेव्हर ब्लॉक बसवले होते. पावसाचं पाणी मुरेना, हातपंप आटला. हातपंपाभोवतीचे उखडले. लोक हसले, हसू द्या.

विरोधकांच्या बाबतीत मात्र त्यांचं ऐकू नका. खटला न चालवता माणसं कोंडली, तेव्हा ते करावंच लागलं, असं ते म्हातारपणी उघड बोलले. च्या थाय पोह नावाच्या विरोधी नेत्याला 1966 मध्ये उचललं, 23 वर्षं कोठडीत ठेवलं. देश चकाचक झाला, पण ते मला आजही पटत नाही. आणि गावात तर चालणारच नाही. माझ्याविरुद्ध अविश्वास ठराव आणणाऱ्याच्याच बोअरवर एका मे महिन्यात अर्धं गाव प्यालं. आदल्या रात्री मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो होतो, तेव्हा. तो आधी तासभर बोलला, मी ऐकलं. ग्रामसभेतही तसंच करा: कोरम भरला की पहिला माइक विरोधकाला.

पद सोडल्यावर ली आणखी वीस-एकवीस वर्षं मंत्रिमंडळात बसून होते. मला ते जमलं असतं, मोहही होतो. आता दादांची सून सरपंच आहे. सकाळी पारावर बसलो की कोणी ना कोणी विचारतंच, "आप्पा, नळले पाणी कवय ई?" मी काठीने ग्रामपंचायतीची भिंत दाखवतो.