स्क्रीन रीडरवर काम करताय? जीयूआय टूलकिट निवडताना या चुका टाळा

खिडकी उघडते, एनव्हीडीए (विंडोजवरचा, पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) शीर्षक वाचतो आणि गप्प होतो. टॅब कितीही दाबा, एक शब्द ऐकू येत नाही. माऊस घेऊन बसलेल्या सहकाऱ्याला मात्र तोच प्रोग्राम ठणठणीत दिसतो. अशा वेळी कोड तपासत बसण्याआधी जीयूआय टूलकिट, म्हणजे खिडक्या-बटणं बनवून देणारी लायब्ररी, तपासा.

पायथॉनसोबत येतं म्हणून टीकेइंटर घेणं

टीकेइंटरच्या मुळाशी असलेलं टीके ८.६ आपली बटणं, चौकटी आणि याद्या स्वतः रंगवतं. पण 'इथे बटण आहे, त्याचं नाव अमुक' ही माहिती ऑपरेटिंग सिस्टिमच्या ॲक्सेसिबिलिटी एपीआयला देत नाही. स्क्रीन रीडर पडद्यावरचे ठिपके वाचत नाही, तो हीच माहिती मागतो. विंडोजवर फसगत होते ती वेगळ्याच कारणाने: मेसेजबॉक्स आणि फाइल उघडण्याचा डायलॉग विंडोजचे स्वतःचे असल्यामुळे ते छान बोलतात, आणि बाकीचंही थोड्या खटपटीने बोलेल असं वाटत राहतं. ८.६ वर ती खटपट करू नका.

किव्ही, पायगेम आणि डिअर आयएमजीयूआय या लायब्ररींचीही हीच गत आहे. स्वतः रंगवणारं प्रत्येक टूलकिट मुकंच असतं असं मात्र नाही. रस्ट भाषेतलं ईजीयूआय हे टूलकिट ॲक्सेसकिट या लायब्ररीमार्फत ही माहिती पुरवतं.

'अमुक टूलकिट ॲक्सेसिबल आहे' एवढ्यावर विसंबणं

प्रश्न टूलकिटच्या नावाने सुटत नाही. कोणता कंट्रोल (बटण, चौकट, यादी असा खिडकीतला घटक), कोणत्या सिस्टिमवर, हे दोन्ही विचारावं लागतं.

डब्ल्यूएक्सपायथॉन हे पायथॉनचं टूलकिट विंडोजचे मूळ कंट्रोल वापरतं, आणि एनव्हीडीएचे स्वतःचे डायलॉगही त्यातच लिहिलेले आहेत. तरीही त्यातला 'ग्रिड' स्वतः रंगवलेला आहे, म्हणून तक्त्यासाठी तो घेऊ नका. विंडोजवर रिपोर्ट शैलीतला 'लिस्टकंट्रोल' घ्या. हाच लिस्टकंट्रोल लिनक्सवर मूळ राहत नाही, तिथे 'डेटाव्ह्यू' बरा.

जीटीके हे टूलकिट लिनक्सवर ऑर्का या तिथल्या स्क्रीन रीडरशी चांगलं जुळवून घेतं, पण जीटीके ३ विंडोजवर मुकं आहे. जीटीके ४.१८ मध्ये विंडोज आणि मॅकसाठी ॲक्सेसकिटचा आधार आला, मात्र तो बिल्ड करताना चालू केलेला असावा लागतो. क्यूटी या टूलकिटचे नेहमीचे विजेट (म्हणजे कंट्रोलच) तिन्ही सिस्टिमवर बोलतात. 'पेंटइव्हेंट'मध्ये स्वतःच्या कोडने रंगवलेले विजेट बोलत नाहीत. जावाचं स्विंग टूलकिट विंडोजवर गप्प असेल तर आधी त्याला स्क्रीन रीडरशी जोडणारा जावा ॲक्सेस ब्रिज पाहा: जेडीकेच्या बिन फोल्डरमधून 'जॅबस्विच' ही आज्ञा '-एनेबल' पर्यायासह चालवा आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करा.

आमचं मत विचाराल तर फक्त विंडोजसाठी डब्ल्यूएक्सपायथॉन किंवा विनफॉर्म्स (मायक्रोसॉफ्टचं डॉटनेटसाठीचं टूलकिट), तिन्हीकडे चालवायचं असेल तर क्यूटी.

लेबल चुकीच्या क्रमाने तयार करणं

टूलकिट बरोबर निवडूनही अडतं ते इथे. चौकटीवर गेल्यावर नुसतं 'एडिट' ऐकू येतं, नाव नाही.

विंडोजच्या मूळ चौकटीला नाव मिळतं ते तिच्या लगेच आधी तयार झालेल्या स्थिर मजकुरातून. म्हणून डब्ल्यूएक्समध्ये 'स्टॅटिकटेक्स्ट' आणि त्याची 'टेक्स्टकंट्रोल' अशी जोडी, एकाच पॅनेलवर (कंट्रोल ठेवायच्या पाटीवर), पाठोपाठ तयार करा. मांडणी ठरवणाऱ्या सायझरमध्ये कशाचा क्रम काय, याचा नावाशी संबंध नाही. एका लूपमध्ये सगळी लेबलं आणि दुसऱ्यात सगळ्या चौकटी तयार केल्या, की सहसा पहिल्या चौकटीला शेवटचं लेबल चिकटतं आणि बाकीच्या निनावी राहतात. 'सेटनेम' वापरूनही हे सुटत नाही, ते नाव डब्ल्यूएक्सच्या अंतर्गत वापराचं आहे.

क्यूटीत लेबलवर 'सेटबडी' वापरून त्याची चौकट (बडी) सांगा, किंवा 'क्यूफॉर्मलेआउट'मध्ये 'ॲडरो'ला लेबलचा मजकूर द्या, ते बडी आपोआप जोडतं. विनफॉर्म्समध्ये लेबलचा टॅबइंडेक्स (टॅबच्या क्रमातला आकडा) चौकटीच्या लगेच आधीचा ठेवा. फक्त चित्र असलेल्या बटणाला ॲक्सेसिबल नाव द्या, पण त्या नावात 'बटण' लिहू नका, नाहीतर 'सेव्ह बटण बटण' ऐकत बसाल.

टॅब अडकणं

डब्ल्यूएक्समध्ये कंट्रोल थेट फ्रेमवर (मुख्य खिडकीवर) ठेवले तर टॅबने फिरणं बिघडतं, मध्ये एक पॅनेल हवंच. क्यूटीचा 'क्यूटेक्स्टएडिट' टॅब स्वतःच गिळतो, त्यावर 'सेटटॅबचेंजेसफोकस' चालू करा.

बदललेला मजकूर आपोआप वाचला जाईल असं धरणं

'काम झालं' हे लेबलमध्ये टाकलं तर ते सहसा कुणालाच ऐकू येत नाही, कारण लेबलवर फोकस जात नाही. लांब आउटपुटसाठी फक्त वाचता येणारी, अनेक ओळींची टेक्स्ट चौकट ठेवा, तिच्यात बाणांनी फिरता येतं. छोट्या सूचनेसाठी क्यूटी ६.८ पासून 'क्यूॲक्सेसिबलअनाउन्समेंटइव्हेंट' आहे, विनफॉर्म्समध्ये 'रेझऑटोमेशननोटिफिकेशन'.

लांबलचक काम मुख्य थ्रेडवर चालवलं की स्क्रीन रीडरच्या प्रश्नांना उत्तर द्यायलाही कुणी उरत नाही. काम वेगळ्या थ्रेडवर न्या आणि डब्ल्यूएक्समध्ये परतीचा बदल 'कॉलआफ्टर'मधून करा.

न तपासता निर्णय घेणं

खरा प्रकल्प सुरू करण्याआधी एक छोटी खिडकी लिहा: लेबल असलेली चौकट, अनेक ओळींची चौकट, चेकबॉक्स, रेडिओ बटणं, मेनू आणि तीन स्तंभांचा तक्ता. प्रत्येक ठिकाणी नाव, प्रकार आणि स्थिती ऐकू यायला हवी. चेकबॉक्सवर स्पेस दाबल्यावर बदललेली स्थिती लगेच बोलली गेली पाहिजे. मग कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबून नॅरेटर या विंडोजच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरवरही हेच करून पाहा.

काही गप्प राहिलं तर एनव्हीडीएचा नेव्हिगेटर (तो सध्या कोणता घटक पाहतोय ती जागा) त्या कंट्रोलवर असताना एनव्हीडीए कळ (सहसा इन्सर्ट) आणि एफ१ दाबा. लॉगमध्ये त्याचं नाव, रोल (प्रकार) आणि स्थिती दिसते. रोल बरोबर पण नाव रिकामं असेल तर लेबल चुकलंय, दोन ओळींत दुरुस्त होईल. बटणाच्या जागी रोल नुसता 'पेन' (खिडकीचा एक भाग) किंवा 'अननोन' आला तर तो कंट्रोल स्वतः रंगवलेला आहे. तिथे लेबलं बदलत बसू नका, कंट्रोलच बदला.